मुंबई वाढली कशाच्या जोरावर?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही आता मुंबईची उपनगरे. पूर्वी ती साधी खेडी होती, तुमच्या गावासारखीच. भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाडीत मासळी होती. या मुलखाला साष्टी म्हणत. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. १७७४ साली ती इंग्रजांनी बळकावली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी सुटली. ती याच घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून गेली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. मग गिरण्यांमागून गिरण्या उभ्या राहिल्या. कापूस वऱ्हाड-खानदेशातून आला, माणसे कोकण-साताऱ्यातून आली. एका खोलीत आठ-दहा जण राहात आणि पोटाला चिमटा काढून गावी मनिऑर्डर धाडीत. कित्येक गावांचे ते दुसरे पीकच होते म्हणा ना!

गिरण्या आधी कोळशावर चालत. कोळसा लांबून आणावा लागे, महाग पडे. टाटांनी वेगळी युक्ती काढली. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो. ते पाणी डोंगरावर अडवायचे आणि मोठ्या नळांतून खाली सोडायचे. पाण्याच्या जोराने चाक फिरते, चाकाबरोबर यंत्र फिरते आणि वीज तयार होते. लोणावळ्याकडचे पाणी असे खोपोलीला उतरले. १९१५ साली तारांवरून वीज मुंबईला आली. धूर नाही, राख नाही.

पण धरणाला जमीन लागते. पुढे मुळशीला धरण ठरले. मावळातली गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. लोक तुरुंगात गेले. धरण झालेच. गावे बुडाली, शहराला उजेड मिळाला. याचा जमाखर्च कोणी नीट मांडला असे मला वाटत नाही.

१९५० आणि १९५७ साली आमची उपनगरे मुंबई महापालिकेत आली. मुंबई कोणाची, यावरून मोठी चळवळ झाली, शंभरावर माणसे बळी गेली. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री. सगळे कारखाने मुंबईतच नकोत, म्हणून १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले. त्याच्या वसाहतींना लोक एमआयडीसी म्हणतात. त्याआधीच प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढला होता. ऊसही शेतकऱ्याचा, कारखानाही त्याचा. मला तर राज्याच्या वाढीतली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुष्कळांना काम परत मिळालेच नाही. पुढे भांडुप-मुलुंडचेही कित्येक कारखाने बंद पडले. तिथे आज उंच इमारती आहेत.

रस्ते, पाणी, वीज, शाळा कोणत्या जिल्ह्यात किती कमी, हे प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली मोजले. या तुटीला अनुशेष म्हणतात. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा विदर्भ-मराठवाड्याचा निघाला. वऱ्हाड विदर्भातच येते. गिरण्यांचा कापूस तिथूनच जात होता.