कड्यावरचा हिशेब

उन्हाळ्यात शिंदळ माकुडी म्हणजे कड्याच्या खाचेतून लोंबणाऱ्या जाड, निष्पर्ण फांद्या. पाऊस पडला की त्यांना मांसल पाने फुटतात आणि पिवळ्या ठिपक्यांची गर्द तांबडी फुले येतात. जगात ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. नात्यातल्या इतर वनस्पतींना अशी ठसठशीत पाने नसतात, म्हणून तिची प्रजातीच वेगळी मानली गेली. पुढे डीएनए तपासल्यावर ती ‘बाऊसेरोशिया’ या प्रजातीत गेली.

ओळख पक्की करायला नमुना लागतो. पण रसाळ वनस्पती टीपकागदात दाबली तरी दिवसचे दिवस तग धरते, प्रसंगी नवे कोंबही काढते. म्हणून फांदी आधी उकळत्या पाण्यात बुडवतात. फूल मात्र स्पिरिटच्या बाटलीत ठेवतात, कारण दाबले की मधला किरीट चपटा होतो आणि ओळखीच्या बारीक खुणा नेमक्या तिथेच असतात. सोबत ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी हवीच. तिच्यावाचून नमुना, वनस्पतीला किती धोका आहे या हिशेबाला निरुपयोगी.

हा हिशेब आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीच्या निकषांवर चालतो. नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखतात आणि वनस्पती सापडलेले चौकोन मोजतात. बेरीज ५०० चौरस किलोमीटरच्या आत आली तर ‘संकटग्रस्त’, दहाच्या आत आली तर ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गाचा विचार होतो. फक्त विचारच, कारण क्षेत्र लहान असणे पुरत नाही. ठिकाणे मोजकी किंवा तुटक असणे, घट चालू असणे, संख्येत टोकाचे चढउतार होणे, यांतल्या किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. कड्यावर पिढ्यान्‌पिढ्या निवांत टिकलेली वनस्पती दुर्मिळ असेल, पण तेवढ्याने ती संकटात ठरत नाही. उलट, एकाच रस्तारुंदीकरणाने दोन कडे झपाट्याने उद्ध्वस्त होणार असतील, तर यादीच्या लेखी ते दोन मिळून एकच ठिकाण.

शिंदळ माकुडी फांदीपासून सहज रुजते. देशोदेशीच्या हौशी लोकांनी ती कुंड्यांत वाढवली आहे. लाल यादी त्यांतली एकही कुंडी मोजत नाही. वर्ग ठरतो तो कड्यावर आपल्या बळावर जगणाऱ्या झाडांवरून, आणि ती मोजायला दर काही वर्षांनी कुणाला तरी कडा चढावाच लागतो.