कळफलकाला अक्षर ठाऊक नसते

शाळेच्या पुस्तकात संगणकाच्या साधनांच्या दोन याद्या असतात. कीबोर्ड, माउस, स्कॅनर हे इनपुट. पडदा, प्रिंटर, स्पीकर हे आउटपुट. याद्या पाठ होतात, पण बोटाने दाबलेले पडद्यावर उमटते कसे, हे त्यांतून कळत नाही. म्हणून इथे एकच शब्द घेऊ आणि बोटापासून डोळ्यांपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही असे ठरवू. शब्द आहे ‘किल्ला’.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा शब्द सहा कळांत टंकला जातो: क, पहिली वेलांटी, ल, पाय मोडायची खूण, ल आणि काना. कळांवरच्या इंग्रजी अक्षरांनी सांगायचे तर के, एफ, एन, डी, एन, ई.

नेहमीच्या स्वस्त कीबोर्डात कळेखाली रबराचा एक लहानसा घुमट असतो. त्याखाली प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे, आणि त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या रेघा छापलेल्या. मधल्या तिसऱ्या पापुद्र्याला कळेखाली भोक असते. कळ दाबली की वरची रेघ त्या भोकातून खालच्या रेघेला टेकते आणि वीज वाहते. शंभरएक कळांना शंभर वेगळ्या तारा जोडणे परवडणारे नाही. म्हणून या रेघा आडव्या-उभ्या जाळीसारख्या आखतात आणि प्रत्येक कळ एका छेदावर येते. आतली छोटी चिप, वर्गात शिक्षक रांगेमागून रांग हजेरी घेतात तशी, एकेका रेघेत वीज सोडते आणि दुसऱ्या दिशेच्या कोणत्या रेघांतून ती परत येते ते पाहते. सेकंदाला शेकडो वेळा हे चालते.

या जाळीत एक खोट आहे. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, तर वीज आडवाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यावरून आल्यासारखी दिसते. दाबलेली नसलेली कळ दाबल्याचा भास होतो. अशा वेळी साधा कीबोर्ड संशयास्पद कळ नोंदतच नाही. महागड्या कीबोर्डात प्रत्येक कळेला डायोड लावून वीज एकाच दिशेने जाऊ देतात. दुसरी अडचण याहून बारीक आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात तेव्हा काही मिलिसेकंद ते थरथरतात, संपर्क जुळतो-तुटतो. चिप ती थरथर थांबेपर्यंत वाट पाहते. तिने ती पाहिली नसती, तर एकदा दाबलेला क पडद्यावर तीन-चार वेळा उमटला असता.

आता चिपला एवढेच समजले आहे की अमुक रेघ आणि तमुक रेघ जिथे छेदतात तिथली कळ खाली गेली. ती त्या जागेचा ठरलेला क्रमांक घेते. यूएसबी कीबोर्डांच्या जागतिक प्रमाणानुसार के या कळेचा क्रमांक 14, एफचा 9, एनचा 17, डीचा 7 आणि ईचा 8. कीबोर्ड आपण होऊन संगणकाशी बोलत नाही. संगणक ठरावीक अंतराने त्याला विचारतो आणि मग उत्तर जाते. साध्या कीबोर्डाचे उत्तर 8 बाइटचे असते: पहिला बाइट शिफ्ट, कंट्रोल अशा कळांसाठी, दुसरा रिकामा, उरलेले सहा बाइट एका वेळी दाबलेल्या सहा कळांसाठी. ‘क’ या अक्षराचा या संदेशात पत्ताही नाही. कळेवर छापलेले अक्षर फक्त माणसासाठी आहे.

अक्षर पहिल्यांदा जन्माला येते ते संगणकाच्या आत. तिथली प्रणाली 14 हा क्रमांक घेऊन सध्या निवडलेल्या कळफलकाच्या तक्त्यात पाहते. इंग्रजी तक्ता असेल तर के मिळतो, इन्स्क्रिप्ट असेल तर क. शिफ्टची खूण सोबत असेल तर ख. इन्स्क्रिप्टची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. शिवाय क ची जागा गुजरातीत, बंगालीत, कन्नडमध्ये तीच. मराठी टंकायला शिकलेले बोट दुसऱ्या लिपीतही नेमके पडते.

तक्त्यातून जे बाहेर येते तोही एक आकडाच. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत क म्हणजे 2325, पहिली वेलांटी 2367, ल 2354, पाय मोडायची खूण 2381, काना 2366. नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला 3 बाइट लागतात, म्हणजे आपला ‘किल्ला’ 18 बाइटांचा झाला. यात क्रम लक्षात घ्यायचा: आधी क, मग वेलांटी. आपण उच्चारतो तसा.

पण कागदावर वेलांटी क च्या आधी येते! इथेच मराठीसाठी सगळ्यांत महत्त्वाचे काम सुरू होते. आकारजुळणी करणारा प्रोग्रॅम हे सहा आकडे वाचतो, वेलांटी उचलून क च्या डावीकडे ठेवतो, ल, मोडका पाय आणि ल अशी रांग दिसली की फाँटात त्यासाठी जोडाक्षराचा आकार आहे का ते शोधतो, आणि सापडला तर तिघांच्या जागी तो एक आकार बसवतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरकही इथेच सांभाळला जातो. पहिल्यात साधा र आहे, त्याचा रफार होऊन वर जातो. दुसऱ्यासाठी युनिकोडमध्ये वेगळा ऱ आहे आणि त्याला चंद्रकोरीसारखा अर्धा आकार मिळतो. हे काम ज्या प्रोग्रॅमला येत नाही, तिथे आपल्या वेलांट्या भलतीकडे पडतात आणि जोडाक्षरे सुटी होतात. तेव्हा दोष ना कीबोर्डाचा असतो, ना पडद्याचा.

जुळलेले आकार फाँटात वक्ररेषांच्या गणिती वर्णनाच्या रूपात असतात. त्यांचे ठिपके केले जातात. वळणावरच्या ठिपक्यांना करडी छटा दिली की कडा दातेरी दिसत नाही. या क्षणी अक्षर पुन्हा हरवते, उरतात फक्त रंगांचे आकडे. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. प्रत्येकात तांबडा, हिरवा, निळा असे तीन भाग, आणि साधारणपणे सेकंदाला 60 वेळा ही सगळी माहिती पडद्याकडे जाते.

एलसीडी पडद्यामागे पांढरा उजेड सतत चालू असतो. पुढे दोन ध्रुवक काचा, एकमेकींशी काटकोनात. नुसत्या तशा ठेवल्या तर उजेड अडेल. पण त्यांच्यामध्ये द्रवस्फटिक असतो. या पदार्थाची विलक्षण वागणूक फ्रीडरिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1888 मध्ये नोंदवली. कोलेस्टेरॉलपासून केलेले त्याचे संयुग 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव होई आणि 178.5 अंशांना अचानक नितळ होई. ना धड घन, ना धड द्रव अशी ती मधली अवस्था आज टेबलाटेबलावर काम करते आहे. जुन्या आणि सोप्या रचनेत या द्रवातले रेणू पिळलेल्या मांडणीत असतात. पहिल्या काचेतून आलेल्या प्रकाशाची कंपनदिशा ते काटकोनात वळवतात आणि प्रकाश दुसरीतून निसटतो. ठिपक्याला विद्युतदाब दिला की रेणू उभे राहतात, वळण नाहीसे होते, उजेड अडतो. म्हणजे या पडद्यावर पांढऱ्यावर काळा ‘किल्ला’ दिसतो तेव्हा त्या जागी काही छापलेले नसते, मागचा उजेड अडवलेला असतो. अनेक फोनांच्या ओएलईडी पडद्यात उलट आहे: तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका.

प्रिंटरही असेच ठिपके काढतो. स्कॅनर कागदाचे पुन्हा ठिपकेच करतो. म्हणून स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी ठिपक्यांतून अक्षरे ओळखण्याचे वेगळे काम करावे लागते.

युनिकोड रुळण्याआधी मराठीसाठी जे फाँट वापरात होते, त्यांनी मधली पायरी गाळली होती. आत इंग्रजीचेच आकडे, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. त्यांतल्या अनेकांत टंकलेखन यंत्राप्रमाणे वेलांटी आधी टंकावी लागे. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की रोमन अक्षरांचा काला दिसतो. पडद्यापुरते भागले, पण पडद्याशिवायही आउटपुटची साधने आहेत आणि तिथे हा मुखवटा चालत नाही. दृष्टिहीन वाचकाचा ब्रेल फलक घ्या. त्यात विजेचा दाब मिळाला की वाकणाऱ्या बारीक पट्ट्या असतात, त्या टाचणीच्या टोकाएवढे ठिपके वर उचलतात आणि वाचक ते बोटांनी वाचतो. त्या यंत्राला आकार नको असतो, आकडे हवे असतात. युनिकोडमधला ‘किल्ला’ दिला तर ते भारती ब्रेलमध्ये आधी क उचलते आणि वेलांटी त्याच्यानंतर, कारण ब्रेलमध्येही ती व्यंजनामागूनच येते. मुखवट्याच्या फाँटातली फाइल दिली तर बोटाखाली निरर्थक रोमन अक्षरे येतात. घरात, कचेरीत, मासिकांच्या कपाटात अशा फाइली अजून पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये बदलून घेणारे प्रोग्रॅम मिळतात, फक्त बदलानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावे लागतात.