कलमाची जात विचारता, खुंटही विचारा

वसमत-औंढ्याकडे मोसंबीची कलमं घ्यायला गेलेला शेतकरी जात विचारतो, उंची पाहतो, भाव ठरवतो. खुंट कोणता, हे फार थोडे विचारतात. बुंध्यावर, जमिनीपासून वीतभर वर, डोळा भरल्याची खूण असते. तिच्या वर मोसंबी, खाली मात्र दुसरंच झाड, म्हणजे खुंट: जंभेरी नाहीतर रंगपूर लिंबू. पाणी आणायचं काम या खालच्या झाडाचं.

गैरसमज: पाणी किती लागेल, ते जातीवर ठरतं.
वस्तुस्थिती: पाणी पानातून उडतं हे खरं, पण त्यात मुळांचाही शब्द चालतो. माती सुकू लागली की ॲबसिसिक आम्लासारखा इशारा मुळांकडून वर जातो आणि पानांची रंध्रं मिटू लागतात. हा इशारा सगळे खुंट सारख्याच वेळी देत नाहीत. मुळांची खोलीही वेगवेगळी असते.

गैरसमज: दुष्काळ सोसणारा खुंट पाणी वाचवतो.
वस्तुस्थिती: हा समज महागात पडतो. सोसणं वेगळं, वाचवणं वेगळं. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संत्राबागा वर्षानुवर्षं रंगपूरवर उभ्या राहिल्या, कारण त्याची मुळं खोलातली ओल ओढतात. आपल्याकडे नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांनी डॉगरिज हा खुंट घेतला तो पाण्याची टंचाई आणि खारटपणा पाहून. पण हा खुंट वेलीला जोम देतो. जोम म्हणजे पाला, आणि जास्त पाला म्हणजे जास्त पाणी. शिवाय खोल मुळांना खाली ओल तर हवी! सेनगावकडच्या मुरमाड माळावर हातभर खाली कडक थर लागला, तर कोणताही खुंट काय करणार?

वसमतच्या काळ्या, भारी रानात दुखणं उलटं. कालव्याचं पाणी हाताशी असतं, ते बुंध्याशी साचतं आणि फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जंतू मुळं कुजवतो. त्याच्यामुळे होणाऱ्या डिंक्या रोगाला जंभेरी लवकर बळी पडते, रंगपूर तुलनेनं तग धरतं. मुळं कुजलेलं झाड ओल्या रानातही सुकल्यासारखं दिसतं, आणि ते पाहून आपण आणखी पाणी सोडतो. माझ्या मते खुंटाच्या अज्ञानापायी होणारं हे सर्वांत मोठं नुकसान. पाणी वाढवण्याआधी बुंध्याजवळची माती उकरा. बारीक मुळांची साल चिमटीत निसटून आली, तर रोग तहानेचा नाही. आळं दुहेरी करा, म्हणजे पाणी बुंध्याला टेकणार नाही. डोळ्याची खूण मातीत कधीच गाडू नका.

गैरसमज: चांगला खुंट मिळाला की काम झालं.
वस्तुस्थिती: पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि नंतरही नीट खोल जात नाही. म्हणूनच कोरडवाहू रानात गावठी बोर आधी जागेवर वाढवून मग तिच्यावर डोळा भरतात. मोसंबीचं कलम घेताना एखादी पिशवी फाडून तळ पाहा. मुळांची गुंडाळी दिसली, तर खुंट रंगपूर असला तरी तो लॉट घेऊ नका.