परतीची नळी

शेतात पाणी जास्त झाले तर आपण काय करतो? बांधाला तोंड पाडून ते काढून देतो. मोटारीतल्या पेट्रोलचेही तसेच आहे बरं का!

जुन्या मोटारीत कार्बुरेटर असतो. तो पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देतो. त्यात एक वाटी असते. वाटी भरली की आतला तरंगता गोळा वर येतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते.

शर्यतीच्या गाडीला मोठा विजेचा पंप लावतात. गाडी भरधाव असली की सगळे पेट्रोल खपते. हळू चालली की खप कमी होतो. पंपाचा जोर मात्र तोच! मग दाब वाढतो, सुई हटते आणि वाटी ऊतू जाते. तापल्या इंजिनावर पेट्रोल सांडले तर आग लागते. नळीत थांबलेले पेट्रोल तापले तर त्याची वाफ होते, आणि गाडी बंद पडते.

म्हणून कार्बुरेटरच्या पुढे दाब राखणारी झडप बसवतात. दर चौरस इंचाला सुमारे ६ पौंड दाब ठेवतात. जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. फिरते राहिल्याने ते फार तापत नाही.

परतीची नळी बारीक नसावी; नाहीतर दाब उतरत नाही. तिचे टोक टाकीत पंपाच्या नळीपासून लांब असावे; नाहीतर बुडबुडे पुन्हा ओढले जातात.

काम करताना इंजिन थंड असावे. बॅटरीची तार काढावी. बिडी तर जवळही नको! शेवटी तार जोडून नुसता पंप चालवावा आणि एकेक सांधा पाहावा. एक थेंब गळला तरी गाडी सुरू करू नये.