वाशीम प्रांतींचे ग्रामप्रतिनिधि : महजरापासून जिल्हा परिषदेपर्यंत

अकोल्याहून वाशीमकडे जातांना पातूर सोडल्यावर घाट लागतो, आणि तो चढून गेलें म्हणजे मेडशी हें गांव येतें. या वाटेनें येणारास पायनघाट संपून बालाघाट लागतो तो याच बाजूस. सध्यां हें गांव वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत मोडतें. या मुलखांतील निरनिराळ्या समाजांचा शब्द सरकारदरबारीं कोण व कोणत्या अधिकारानें बोलत आला, याचा थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

जिल्हा परिषदेचे सभासद हा विषय वर्तमानपत्रांचा, संशोधकांचा नव्हे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु इ. स. २०२१ मध्यें याच जिल्ह्याच्या परिषदेंतील १४ जागा एकाएकीं रिकाम्या झाल्या. त्या जागांवरील सभासदांस मतें कमी पडलीं नव्हतीं; कमी पडला तो पुरावा. पुराव्याच्या अभावीं अधिकार बुडतो ही गोष्ट जुन्या दप्तरांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस नवी नाहीं. म्हणून हा विषय त्यांच्यापुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

१. संज्ञा. आजच्या कारभारांतील बहुतेक शब्द फार जुने आहेत. सभा आणि समिति या दोन संस्था अथर्ववेदाच्या सातव्या कांडांत प्रजापतीच्या कन्या म्हणून येतात. परिषद् म्हणजे भोंवतीं बसलेली मंडळी. जनपद हें कौटिल्याच्या सप्तांगांपैकीं एक अंग असून, त्यांत भूमि व तीवर राहणारी प्रजा या दोहोंचाहि समावेश होतो. 'जिल्हा' हा शब्द मात्र अरबी असून त्याचा मूळ अर्थ बाजू किंवा बरगडी. एवंच 'जिल्हा परिषद' या जोडशब्दांत अरबी व संस्कृत शेजारीं बसले आहेत. वऱ्हाडाच्या इतिहासास हें साजेसेंच आहे.

२. ताम्रपटाची साक्ष. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथें सांपडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इ. स. १९३९ त उजेडांत आला. त्यांत राजवंशाचें वर्णन संस्कृतांत आहे. पण दान, सीमा, सवलती हा व्यवहाराचा भाग प्राकृतांत आहे. राजाची थोरवी पंडितांच्या भाषेंत आणि गांवाशीं संबंध असलेली गोष्ट गांवास समजेल अशा भाषेंत सांगावी, असा हेतु यांत असावा असा आमचा तर्क आहे. गांवकरी येथें ऐकणारे आहेत. बोलणारे म्हणून ते दिसत नाहींत.

३. महजर. गांवकरी बोलतांना आढळतात ते महजरांत. वतनाचा किंवा शिवेचा वाद पडला म्हणजे गोत जमे आणि निवाड्याच्या कागदावर हजर मजालस म्हणून एकेकाचें नांव लिहिलें जाई. ज्यास अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा ही चित्रें संग्राहकांच्या परिचयाचीं आहेत. या निशाण्यांकडे केवळ निरक्षरतेची खूण म्हणून पाहणें चुकीचें होईल. गांवच्या सभेंत त्या त्या जातीस स्थान होतें आणि तिच्या संमतीवांचून निवाडा पुरा होत नसे, याचा तो लेखी पुरावा आहे.

तथापि या व्यवस्थेचे दोष झांकून ठेवूं नयेत. बसण्याची जागा वतनानें ठरे, आणि वतन जन्मानें येई. एका घराण्याचा वडील साऱ्या जातीचा मुखत्यार होई. त्यास बदलण्याचा उपाय जातीजवळ नसे. मानपानाची उतरंड ठरलेली असे. वतनदार वगळतां स्त्रियांस तेथें जागा क्वचितच मिळे. आणि ज्यांचें गांवांत वतन नाहीं, त्यांस मुळींच स्थान नव्हतें. लमाणांचे तांडे बैलांवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरत. त्यांची निशाणी गांवच्या महजरावर कशी उमटणार?

४. बोर्डापासून परिषदेपर्यंत. इ. स. १८५३ त निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिल्यावर परगण्याचे देशमुख-देशपांडे कामावरून दूर झाले. गांवीं पाटील व पटवारी राहिले. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर वऱ्हाडासाठीं १८८५ त ग्रामीण बोर्डांचा कायदा झाला. त्या वेळीं वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ त तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद तालुका यवतमाळास जोडला गेला. पुढें मध्यप्रांताच्या १९२० च्या कायद्यानें लोकल बोर्डें व डिस्ट्रिक्ट कौन्सिलें आलीं. पण मताचा हक्क मालमत्तेसारख्या पात्रतेशीं बांधलेला असल्यामुळें मजूर व भूमिहीन बाहेरच राहिले. १९४८ च्या कायद्यानें जनपद सभा हें कौटिल्याच्या परिभाषेंतील नांव पुन्हां व्यवहारांत आलें.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९६१ त आपला अहवाल दिला, त्याच वर्षीं कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. नाईक हे पुसद तालुक्यांतील गहुलीचे, बंजारा समाजाचे. पुसद तालुका पूर्वीं वाशीम जिल्ह्याचाच भाग होता हें वर आलेंच आहे. ज्या समाजाची निशाणी महजरावर नव्हती, त्याच समाजाच्या गृहस्थानें साऱ्या राज्याच्या ग्रामसंस्थांचा आराखडा सिद्ध करावा, ही घटना इतिहासकारानें नोंदून ठेवण्यासारखी आहे.

५. चौदा जागांचें प्रकरण. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां जिल्हा झाला. त्याच्या परिषदेचे गट ५२, आणि दर गटास दोन या हिशेबानें सहा पंचायत समित्यांचे गण १०४. २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें अनुसूचित जाति व जमाति यांस लोकसंख्येच्या प्रमाणांत जागा मिळाल्या. स्त्रियांस आरंभीं एक तृतीयांश व या राज्यांत पुढें निम्म्या. राज्याच्या कायद्यानें नागरिकांच्या मागासवर्गास २७ टक्के जागा दिल्या. या वर्गांत बंजारा, धनगर, माळी, तेली इत्यादि समाज येतात. कोणता गट कोणासाठीं राखावयाचा हें लोकसंख्येचा उतरता क्रम, आळीपाळी आणि सोडतीची चिठ्ठी यांवर ठरतें. वतन घराण्यांत राही. राखीव जागा गटागटांतून फिरते. जुन्या व नव्या व्यवस्थेंतील मर्मभेद हाच होय.

आतां हिशेब पाहावा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें जिल्ह्यांत अनुसूचित जाति सुमारें १९ टक्के व जमाति, ज्यांत आंध प्रमुख, सुमारें ७ टक्के. दोन्ही मिळून २६. त्यांत २७ मिळविले कीं बेरीज ५३ होते. जानेवारी २०२० मध्यें निवडणूक झाली ती याच हिशेबानें. विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२१ रोजीं निकाल दिला. राखीव जागांची एकूण बेरीज पन्नास टक्क्यांपलीकडे जाऊं नये. मागासलेपणाची चौकशी स्वतंत्र आयोगानें करावी. आणि प्रत्येक स्थानिक संस्थेपुरतें प्रमाण आधारासह ठरवावें, अशा तीन अटी २०१० च्या घटनापीठाच्या निर्णयावरून चालत आल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नसल्यामुळें मागासवर्गाच्या १४ हि जागा रिकाम्या ठरल्या, आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं त्या खुल्या म्हणून पुन्हां लढविल्या गेल्या.

हा आधार नव्हता कां ? सर्व जातींची मोजदाद प्रसिद्ध झालेली शेवटची शिरगणति १९३१ ची. तेव्हांपासून नव्वद वर्षें या समाजांची गांववार गणना प्रसिद्ध झालेली नव्हती. सत्तावीस हा आंकडा मंडल आयोगाच्या १९८० च्या अहवालांतून साऱ्या देशासाठीं आलेला. तो घाटावरच्या या गांवांस मोजून ठरविलेला नव्हता. पुढें बांठिया आयोगानें जुलै २०२२ मध्यें अहवाल दिला; आणि ६ मे २०२५ रोजीं न्यायालयानें त्या अहवालापूर्वींच्या स्थितीप्रमाणें स्थानिक निवडणुका घेण्यास सांगितलें. निकालाच्या गुणदोषांची चर्चा कायदेपंडितांनीं करावी. आमच्यापुरता बोध एवढाच कीं, ज्या समाजांची गणना दप्तरांत नाहीं त्यांचा हक्क, लोकांनीं मतें देऊनहि, टिकला नाहीं. महजराच्या काळीं निशाणी नसलेल्याचें जें होई, तेंच येथें झालें.

६. विनंति. राजवाड्यांनीं माळ्यावरचे रुमाल उतरवून आम्हांस अस्सल कागदांची किंमत शिकविली. दोन वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकास एका आठवडी बाजारांत शेंगदाण्याची पुडी मिळाली. ती उलगडून पाहतां मतदारयादीचें पान निघालें. पानावर घर क्रमांक, बापाचें नांव, वय अशी ओळीनें पन्नासएक माणसें होतीं. तीनशें वर्षांपूर्वींचें असें पान सांपडतें तर आम्ही तें रेशमांत गुंडाळून ठेविलें असतें.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, बोर्डांचीं व जनपद सभांचीं इतिवृत्तें, गटांच्या सीमांच्या अधिसूचना, सोडतीचे निकाल, जुन्या मतदारयाद्या व उमेदवारांचीं हस्तपत्रकें मिळतील तेथून जमवावीं. प्रत्येकावर गांव, तालुका, साल व कागद कोठें मिळाला हें पेन्सिलीनें लिहावें, आणि विस्कळित पानें क्रमानें लावून बांधावीं. मेडशीसारख्या गांवांत असे कागद अजून घरोघर असतील. ते आजच्या काळचे महजर आहेत. वाळवीनें खाल्ल्यावर त्यांचा शोध घेण्यांत अर्थ नाहीं.