चऱ्होलीत समुद्र: खाऱ्या पाण्याची टँक लावण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओत मी जीएसटीबद्दल बोलत होतो, पण तुमचं लक्ष माझ्या मागच्या निळ्या उजेडातल्या टँकवर होतं, हे मेसेजवरून कळलं. "दादा, ती निमोवाली टँक केवढ्याला पडली?" "रीफ टँकचा धंदा चालेल का?" "प्रवाळ कुठे मिळतात?" तर आज त्यावरच बोलू. व्हिडिओत सगळे आकडे सांगता येत नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक कबुली. तुम्हाला दिसते ती माझी दुसरी टँक आहे. पहिली मेली. टँक मेली म्हणजे काच फुटली असं नाही, आतलं सगळं मेलं.

सहा वर्षं गोड्या पाण्याचे मासे विकत होतो. गप्पी, मोली, गोल्डफिश, कधीमधी फ्लॉवरहॉर्न. धंदा बरा चालला होता. चऱ्होलीत टॉवर उठले तसं गिऱ्हाईक बदललं. हॉलमध्ये एक भिंत सजवायचीय, बजेट सांगा, असं म्हणणारे लोक यायला लागले. मला वाटलं, हीच वेळ. साठ लिटरची टँक, परदेशी मिठाची पिशवी आणि "चार दिवसांत टँक तयार" असं लिहिलेली बॅक्टेरियाची बाटली आणली. चौथ्या दिवशी सात मासे सोडले. दहाव्या दिवशी चाकणच्या कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले एक काका ती बघून गेले आणि नातीसाठी तशीच टँक ऑर्डर केली. बावीस हजार रोख दिले. मी त्या रात्री घरी पेढे नेले होते.

मग मे महिना आला. आपल्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, आणि लाईनच्या दुरुस्तीलाही बहुतेक गुरुवारच सापडतो. सकाळी नऊला लाईट गेली ती दुपारी तीनला आली. माझ्या टँकचं पाणी ३३ अंशांवर गेलं होतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा मुळातच कमी असतो. पंप बंद, हलचाल नाही. सातही मासे गेले. काकांच्या घरची टँक दोन दिवसांनी गेली.

काका दुकानात आले. मी आधीच हिशोबाची वही उघडून बसलो होतो. ते म्हणाले, "पैशाचं सोड रे. नातीला काय सांगू, तेवढं सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे मी दोन हप्त्यांत परत केले, त्यांनी नको नको म्हणत घेतले. बीबीएला आम्हाला कस्टमर सॅटिस्फॅक्शनवर अख्खा पेपर होता. त्यात हा प्रश्न नव्हता.

त्यानंतर दीड वर्ष खाऱ्या पाण्याला हात लावला नाही. फक्त वाचलं, लोकांच्या टँक बघितल्या. दुसऱ्यांदा काय केलं ते आता सांगतो.

पाणी, मीठ आणि थांबणं

पहिला प्रश्न हमखास येतो: अलिबागहून समुद्राचं पाणी आणलं तर? नको. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं, पावसाळ्यात ते पातळ होतं, आणि दीडशे किलोमीटर ड्रम वाहून आणण्यात जो डिझेल जाईल त्यात मीठ येतं. घरातलं मीठसुद्धा नको, खडे मीठही नको. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं, म्हणून मरीन सॉल्ट म्हणून विकतात तेच घ्यायचं. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता ३५ किंवा घनता १.०२५ च्या आसपास आली पाहिजे. तरंगता काचेचा मापक स्वस्त मिळतो, तो मी एकदा घेतला आणि एकदाच वापरला.

पाणी मात्र आरओचं, आणि त्यापुढे डीआयचा टप्पा लावलेलं. आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी, उरलेलं टँकर नाहीतर बोअरचं. त्यातले क्षार आणि नायट्रेट टँकमध्ये गेले की महिनाभरात काच हिरवी-तपकिरी होते. टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत मी पाणी वापरत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी दुकान पुसायला आणि बाहेरच्या कुंड्यांना.

इथे नवीन माणूस एक चूक करतोच, मीही केली. पाणी कमी झालं की मिठाचं पाणी ओततो. अहो, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं! म्हणजे भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची. उन्हाळ्यात माझी टँक दिवसाला दोन लिटर पिते. ते रोज मिठाच्या पाण्याने भरलं असतं तर दोन आठवड्यांत क्षारता कुठल्या कुठे गेली असती.

आता थांबणं. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राईट करतात, तेही विषच. दुसरे जीवाणू नायट्राईटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जीवाणू खडकावर, फिल्टरमध्ये वस्ती करेपर्यंत मासा सोडायचा नाही. विरजण लागायला एक रात्र लागते, टँकला महिना-दीड महिना. दुसऱ्या वेळी मी रिकाम्या टँकमध्ये अमोनिया मोजून टाकला आणि रोज टेस्ट करून वहीत लिहिलं. एकोणिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, तेहतिसाव्या दिवशी नायट्राईट शून्य. पहिला मासा अडतिसाव्या दिवशी. या अडतीस दिवसांत दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "रिकामी का ठेवलीय?" शेवटी मी काचेवर कागद चिकटवला: "समुद्र शिजतोय." त्या कागदाचे फोटो माशांपेक्षा जास्त निघाले.

प्रवाळाचं काय

हा भाग नीट वाचा, कारण इथे पैसे जात नाहीत, माणूस आत जातो.

इंटरनेटवर रीफ टँक म्हणून जे दिसतं ते बहुतेक अमेरिका-युरोपातलं. तिथे प्रवाळाचे तुकडे वाढवून विकण्याचा मोठा उद्योग आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती आल्या. शिवाय काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे. समुद्रघोडेही त्यातच. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती यादी. गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. ज्याला लोक लाइव्ह रॉक म्हणतात, तोही मुळात प्रवाळाचा सांगाडाच.

आणि ऑफर येतात. मला आली. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, हिरवा-जांभळा चमकणारा प्रवाळ, "भाऊ, थर्माकोलच्या खोक्यात रात्रीच्या गाडीनं पाठवतो, बिल नाही मिळणार." किंमत अशी की तिप्पट भावाने दोन दिवसांत विकला असता. खोटं कशाला बोलू, मी रात्रभर विचार केला. त्या महिन्यात दुकानाचं भाडं थकलं होतं. सकाळी मी त्याला एवढंच लिहिलं की बिल आणि परवाना पाठव. त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही. मऊ प्रवाळांची नावं त्या यादीत तशी दिसत नाहीत, असं काही जण सांगतील. खोक्यातला तुकडा नेमका कुठला आणि कुठून आणला, हे बिलाशिवाय तुम्ही सिद्ध कसं करणार? मी ठेवत नाही. तुम्हाला ठेवायचंच असेल तर आधी वनविभागाकडून लेखी घ्या.

प्रवाळ आपल्याला परके नाहीत, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहेत, तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव असलेलं. तिथेही प्रवाळ आहेत. बघायचे तर मालवणला जाऊन पाण्यात उतरा.

मग माझ्या टँकमध्ये काय आहे? सिरॅमिकचे खडक, तळाला वाळू नाही, एक क्लाऊनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प आणि काही शंखगोगलगायी. गिऱ्हाइकाला मी "रीफसारखी टँक" म्हणतो, रीफ टँक म्हणत नाही. क्लाऊनफिश मी हॅचरीत जन्मलेलेच घेतो. समुद्रातून पकडलेल्या माशांत काही ठिकाणी, विशेषतः फिलिपिन्स-इंडोनेशियात, सायनाईड वापरून पकडण्याचा इतिहास आहे. असा मासा दुकानात चांगला दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी मरतो. हॅचरीचा मासा गोळीचं खाणं खातो, काचेला सरावलेला असतो. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास करून दाखवली आहे, आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे.

खर्च लिहून घ्या

टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत साधारण दीडशे लिटर पाणी. टँक, स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी मिळून २१,००० रुपये. चिलर २८,०००, आणि यात काटकसर करू नका. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं आहे आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. प्रोटीन स्किमर ९,०००. पंप आणि लाट करणारा मोटर-पंखा ६,५००. आरओ-डीआय ९,५००. रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट ५,०००. खडक ७,५००. लाईट ५,५००, प्रवाळ नाहीत म्हणून इतक्यात भागलं. सुरुवातीची दहा किलो मिठाची पिशवी ३,०००. एकूण ९५,००० रुपये, यात अजून एकही मासा नाही. इन्व्हर्टर दुकानात होताच. पंप त्यावर जोडले, चिलर नाही, कारण बॅटरी तासाभरात बसेल. लाईट गेली तर पाणी हलतं राहिलं पाहिजे. गार करायला आरओच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून फ्रीजरमध्ये तयार असतात.

महिन्याचं सांगायचं तर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो, त्याचं मीठ साधारण ७०० रुपयांचं. वीजबिलात हजार-बाराशेची भर. खाणं किरकोळ. एक फुकटचा सल्ला: प्रत्येक वायर बोर्डाकडे जाताना खाली लोंबकळती ठेवा आणि मग वर न्या. मिठाचं पाणी वायरवरून ओघळत थेट सॉकेटमध्ये जातं. माझा एक बोर्ड असा जळला आहे.

आता कमाई. पंधरा महिन्यांत खाऱ्या पाण्याच्या तीनच टँक विकल्या. अकरा जणांना मी नाही म्हटलं. आता मी विक्रीआधी तीन प्रश्न विचारतो. घरी बॅकअप आहे का? गावाला गेल्यावर टँक कोण बघणार? दीड महिना रिकामी टँक बघवेल का? एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं की मी त्यांना गोड्या पाण्याची झाडांची टँक दाखवतो, आणि बरेच जण तीच घेतात. पैसा खरा तिथे आहे, आणि देखभालीत आहे. तिन्ही टँकची देखभाल माझ्याकडे, महिन्याला प्रत्येकी २,५००, दोन फेऱ्या. म्हणजे साडेसात हजार, त्यातून मीठ आणि पेट्रोल वजा. यावर घर चालणार नाही. पण निळी टँक बघायला आत आलेला माणूस मोकळ्या हाताने क्वचितच जातो. तुमच्याकडे आधीचं चालतं दुकान नसेल तर फक्त खाऱ्या पाण्यावर धंदा उभा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैदाशीत जायचं असेल तर ती वेगळी गोष्ट. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. त्यात परसातल्या शोभिवंत मासे संगोपन युनिटचा खर्च ३ लाख आणि मध्यम युनिटचा ८ लाख धरला होता, सागरी माशांसाठीसुद्धा. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. आत्ताची स्थिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा, एजंटला नको.

काका हल्ली महिन्यातून एकदा येतात, नातीला घेऊन. टँक घेतलेली नाही, मी विचारलंही नाही. क्लाऊनफिश सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, हे तिला सांगितलं तर तिने मला वेड्यात काढलं. मग दोन महिन्यांपूर्वी जोडीने खडकावर नारिंगी अंडी घातली आणि छोटा नर दिवसभर पंखांनी त्यांना वारा घालत बसला, तेव्हा तिला पटलं.

आठव्या रात्री अंडी फुटली. पिल्लांना रोटिफर नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव लागतो, तो माझ्याकडे नव्हता. सगळी गेली. आता काउंटरमागे हिरव्या पाण्याच्या चार बाटल्या आहेत, त्यात रोटिफर वाढवतोय. दुसऱ्या खेपेची पाच पिल्लं आज अकराव्या दिवशी जिवंत आहेत. पांढरे पट्टे अजून नीट आलेले नाहीत. पट्टे आले की व्हिडिओ टाकतो.