खेळ आठवतो, चाल आठवत नाही

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेममधल्या धुना लोक आजही गुणगुणतात. आजच्या गेममागे अख्खा वाद्यवृंद असूनही ओठांवर काही उरत नाही. असं का होतं, आणि आपल्याकडच्या गेम बनवणाऱ्यांना त्यातून काय घेता येईल?

भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघालं की महामार्गालगत दीपनगर लागतं. औष्णिक वीज केंद्र आणि त्याच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. या वसाहतीत नव्वदच्या दशकात वाढलेल्या, आज चाळिशीच्या घरात असलेल्या कुणालाही ‘काँट्रा’च्या पहिल्या लेव्हलला काय वाजायचं ते विचारा. खेळ सुटून कित्येक वर्षं झाली असली तरी तो ती धून तोंडाने वाजवून दाखवेल. आता मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्या त्याच्या मुलाला तेच विचारा. तो बंदुकांचे आवाज हुबेहूब काढेल, कोणती गोळी कुठून आली हे आवाजावरून कसं ओळखायचं ते समजावून सांगेल. धून विचारली तर सामन्याआधी लॉबीत थांबलेलं असताना जे वाजतं, तेवढंच त्याला आठवेल. प्रत्यक्ष सामन्यातलं काहीच नाही.

हा फरक जगभर जाणवतो. गेमच्या संगीतावर आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक खर्च होतो, मोठे वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण होतं. ग्रॅमी पुरस्कारांत २०२३पासून या संगीतासाठी स्वतंत्र विभागही आहे. तरी मोबाइल बाजूला ठेवला की गुणगुणायला काही हाती लागत नाही. यात मुलांच्या कानाचा दोष नाही, संगीतकारांची प्रतिभाही आटलेली नाही. बदललं आहे ते खेळाने संगीताला दिलेलं काम.

पाच आवाजांची मर्यादा

निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३मध्ये जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विकायला आणलं. त्याच्या स्वस्त नकला पुढे ‘मीडिया’, ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आपल्याकडे आल्या. टीव्हीला जोडायचं, ‘कॅसेट’ खोचायची, चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. दोन ‘रिमोट’ आणि भोवती बसलेली आठ-दहा मुलं.

त्या यंत्रातली आवाजाची व्यवस्था अगदी तुटपुंजी होती. एकूण पाच वाहिन्या. दोन चौकोनी लहरींच्या, धारदार आवाजाच्या. एक त्रिकोणी लहरीची, खालच्या सुरांसाठी. एक नुसत्या खरखरीची, ती ढोल-झांजेचं काम करी. पाचवीवर छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवता येत. वरच्या दोन वाहिन्यांवर मुख्य धून आणि तिची साथ, त्रिकोणी वाहिनीवर तळाचा सूर, एवढ्यात सगळं बसवायचं. शिवाय खेळात उडी, नाणं किंवा गोळीचा आवाज आला की तो एखादी वाहिनी क्षणभर हिसकावून घेई आणि त्या वाहिनीवरचे सूर तेवढ्यापुरते गप्प होत.

एवढ्याशा जागेत वातावरणनिर्मिती करायला वावच नव्हता. व्हायोलिनचा पडदा नाही, पावसाची भिजलेली शांतता नाही. संगीतकाराकडे उरत होती ती फक्त चाल. ती पकड घेणारी नसेल तर बाकी सगळं कोसळणार. कोजी कोंडो यांनी १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला संगीत दिलं, तेव्हा चित्रं, हालचाल, नियम आणि संगीत मिळून अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. त्या ४० किलोबाइटमधली मारिओची धून २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतली. त्या नोंदवहीत गेलेलं व्हिडिओ गेमचं हे पहिलं संगीत.

पन्नास हर्ट्झचा मारिओ

चालीचं बळ किती असतं, याचा पुरावा दीपनगरात तयार होणाऱ्या विजेतच सापडतो. तिथली जनित्रं मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. भारतातली वीज त्यामुळेच ५० हर्ट्झची. टीव्हीचं तंत्र घडत होतं त्या काळात पडद्यावरच्या चित्राचा वेगही विजेच्या या वारंवारितेशी जुळवून ठरवला गेला. म्हणून आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा ताजं होई, तर जपान-अमेरिकेतल्या टीव्हीवर साधारण ६० वेळा.

फॅमिकॉमच्या बहुतेक खेळांत संगीत याच ठेक्यावर पुढे सरकत असे. चित्र एकदा बदललं की संगीत एक पाऊल पुढे. परिणामी पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर तीच धून जपानपेक्षा सुमारे एक षष्ठांश हळू वाजायची. अशा यंत्रावर मारिओ खेळलेल्या मुलांनी कोंडो यांच्या मनातली लय कधी ऐकलीच नाही. तरीही आज जपानमधला माणूस आणि भुसावळचा माणूस ती धून गुणगुणायला लागले तर दोघांना ती लगेच एकमेकांची वाटेल.

लय संथ झाली, वाद्य बदललं, शिट्टीवर वाजवली, तरी ओळख टिकते ती चालीची. आजच्या बऱ्याच गेम-संगीताला ही परीक्षा झेपत नाही. त्यातून वाद्यवृंदाचा भरदार नाद आणि त्या क्षणाचं दृश्य काढून घेतलं की गळ्याने म्हणता येईल असं थोडंच उरतं.

पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा

दुसरं कारण आवर्तनाचं. जुन्या खेळांत प्रगती जपून ठेवण्याची सोय सहसा नसे. तीन जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून. मारिओची ती दीड मिनिटाच्या आतबाहेरची धून एका सुट्टीच्या दुपारी कितीदा ऐकू यायची याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण तिने मेंदूत घर केलं. म्हणूनच अनेकांना पहिल्या लेव्हलची धून पाठ असते आणि शेवटच्या लेव्हलची आठवत नाही, कारण तिथवर पोहोचलेले थोडेच.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंत्स यांनी १९६८मध्ये दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये डोक्यात घोळत राहणाऱ्या गाण्यांचा अभ्यास केला. अशी गाणी तुलनेने जलद लयीची असतात, त्यांच्या सुरावटीचा चढउतार ओळखीच्या वळणाचा असतो आणि त्यात मध्येच एखादी अनपेक्षित उडी किंवा पुनरावृत्ती असते, असं त्यांना दिसलं. मारिओच्या धुनेला हे वर्णन चपखल बसतं.

खानदेशाला हे शास्त्र अनुभवाने ठाऊक आहे. जात्यावरची ओवी आठवा. मोजक्या सुरांतली एकच चाल, दळण सरेपर्यंत फिरत राहणारी, तिच्यावर शब्द मात्र रोज नवे. चाल इतकी पक्की, की तिच्या आधाराने लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा शेकडो ओव्या मनात सांभाळू शके. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच परंपरेतून आल्या. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२मध्ये पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोहोचली, पण त्याआधी ती स्मरणात टिकली होती ती लयीच्या आणि आवर्तनाच्या बळावर.

लॉबीतलं संगीत आजच्या मुलांना का आठवतं, याचं उत्तरही इथेच आहे. मित्र जमेपर्यंत रोज तीच धून कानावर पडते. मुलांचा कान तसाच तल्लख आहे. त्याला आवर्तन मिळालं तिथे त्याने चाल टिपली.

संगीत मागे का सरकलं?

जुन्या खेळात पडदा उजवीकडे सरकत जाई आणि सारं काही मिनिटांत आटपे. आजच्या मोठ्या खेळांत खेळाडू डोंगरावर पाच मिनिटं थांबेल की दीड तास, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याने अचानक तलवार उपसली तर संगीताला त्याच क्षणी बदलावं लागतं. यावर उपाय म्हणून संगीत थरांमध्ये आणि तुकड्यांमध्ये रचलं जाऊ लागलं. शांतता असताना एकच थर वाजतो, शत्रू दिसला की तालवाद्यांचा थर चढतो, लढाई संपली की उतरतो. लुकासआर्ट्स कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी १९९१च्या सुमारास ‘आयम्यूज’ नावाची अशी प्रणाली घडवली. आज हे तंत्र सर्वत्र आहे.

त्याची किंमत चालीने मोजली. मुखडा घेऊन पुढे जाणारी, समेवर येऊन पूर्ण होणारी चाल मध्येच कुठेही तोडता येत नाही. कुठेही तोडता आणि कुठेही जोडता यावं म्हणून संगीतकार ठळक वळणं टाळतो, लांबवलेले सूर आणि सलग नाद वापरतो. ते त्या क्षणी परिणामकारक असतं. अंगावर काटा आणतं. पण त्याला सुरुवात आणि शेवट नसल्याने स्मरणशक्तीला पकडायला टोक सापडत नाही.

काही खेळांत तर शांतता हाच नियम आहे. ‘पबजी’ किंवा ‘बीजीएमआय’मध्ये मागून येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू आला नाही तर खेळ संपला. तिथे पार्श्वसंगीत अडथळा ठरतं, म्हणून सामन्यात ते नसतंच. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये याच्या नेमकं उलट घडे. एका खोलीत चार-पाच यंत्रं एकाच वेळी केकाटत असत आणि त्या गोंगाटातून गिऱ्हाईक ओढायचं तर संगीताला पुढे येऊन हाक मारावीच लागे.

आठवणीचा पक्षपात

जुनं ते सारं सोनं होतं, असं म्हणणं मात्र खरं नाही. ‘९९९९९९९ इन वन’ लिहिलेल्या त्या कॅसेटींमध्ये सुमार संगीताचे खेळही भरपूर होते. ते आपण विसरलो आणि चांगले तेवढे लक्षात ठेवले. शिवाय दहाव्या-बाराव्या वर्षापासून तारुण्यापर्यंत ऐकलेलं संगीत आयुष्यभर विशेष जवळचं राहतं, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे. चाळिशीतल्या बापाने मुलाच्या खेळाला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

आणि नव्या काळातही चाली जन्मतात. टोबी फॉक्स यांच्या २०१५च्या ‘अंडरटेल’मध्ये मोजक्याच सुरावटी वेगवेगळ्या वेशात पुन्हा पुन्हा भेटतात, कधी हळव्या, कधी युद्धाच्या आवेशात. खेळाडू त्या नकळत पाठ करतो. ‘माइनक्राफ्ट’चं डॅनियल रोझेनफेल्ड ऊर्फ सी-४१८ यांचं संगीत संथ आणि विरळ आहे, तरीही एका पिढीच्या मनात ते घट्ट बसलं. २०२५मध्ये तेही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदवहीत पोहोचलं. टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला, २३ जुलै २०२१ रोजी, देशोदेशींचे खेळाडू मैदानात आले ते ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारख्या जपानी खेळांच्या संगीतावर. आपलं गेम-संगीत हा आपला सांस्कृतिक ठेवा आहे, हे त्या देशाने साऱ्या जगासमोर सांगितलं.

आता आपली पाळी

महाराष्ट्रात आज गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत. ‘लुडो किंग’ नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा. ‘इंडस’ हा २०२४मध्ये आलेला युद्धखेळ पुण्याच्या सुपरगेमिंगचा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ काढला आणि जगाने त्याची दखल घेतली. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने भारतीय रंगात रचलं. परदेशी संगीतकाराला आपल्या सुरांची ओढ वाटावी, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या मातीत ओवी, अभंग, लावणी आणि नाट्यपद वाढलं, जिथे कानबाईच्या उत्सवात अहिराणी गाणी आजही तोंडपाठ म्हटली जातात, त्या मातीतल्या संगीतकारांनाही खेळांची दारं उघडायला हवीत. चाल बांधणं हे आपल्याकडचं शतकांचं कसब आहे.

थरांचं तंत्र सोडून द्यायची गरज नाही. थर चढवण्याआधी पाया म्हणून एक चाल हवी, एवढंच. आधी एकच छोटी, पूर्ण, गळ्याने म्हणता येणारी सुरावट ठरवावी. मग ती खेळाच्या सुरुवातीला, विजयात, पराभवात, शांत क्षणी वेगवेगळ्या रूपांत परत आणावी. मेनू, लॉबी, लेव्हल संपण्याचा क्षण, या आजच्या खेळातल्या हमखास आवर्तनाच्या जागा आहेत. तिथे निव्वळ नाद भरून ठेवणं म्हणजे हाती आलेली संधी वाया घालवणं.

कसोटीही सोपी आहे. ती सुरावट चित्राशिवाय, वाद्यांशिवाय, एका साध्या आवाजात, जरा संथ लयीत दहा मुलांना ऐकवा. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या निम्म्यांना ती म्हणता आली तर पुढे जा. नाही आली तर वाद्यवृंदाचा स्टुडिओ आरक्षित करण्याआधी संगीतकाराला आणखी महिनाभर द्या. त्या महिन्याचा पगार वाद्यवृंदाच्या खर्चापुढे किरकोळ असेल, आणि वीस वर्षांनी खेळाडूंजवळ त्या खेळातलं जे काही उरेल, त्यात तोच महिना सर्वांत मोलाचा ठरेल.